आउटर हेब्रिडीजला एकट्याने सायकल नेताय? आधी या चुका टाळा

मे महिना आला की ग्लासगोत माझ्याकडे ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. 'हेब्रिडियन वे करायचाय, एकट्यानेच.' म्हणजे स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरून जाणारा सायकलमार्ग. करा की! दक्षिणेच्या व्हॅटर्सेपासून उत्तर टोकाच्या बट ऑफ लुईसपर्यंत २९७ किलोमीटर, दहा बेटं, त्यांना जोडणारे सहा कॉजवे (समुद्रात भराव घालून केलेले रस्ते) आणि दोन ठिकाणी फेरीबोट. हॅरिस सोडलं तर चढही फारसे नाहीत. सिंहगड घाट सायकलने चढणाऱ्याला हे कागदावर किरकोळ वाटतं. मग मंडळी रोजचे शंभर किलोमीटर ठरवून मोकळी होतात. वाऱ्याचा हिशोब कोणीच करत नाही.

उत्तरेकडून सुरुवात करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं. हे एका पुणेकर पोराला मी समजावून सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, मुख्य भूमीवरच्या उलापूलहून लुईसवरच्या स्टोर्नोवेची बोट सोयीची पडते, स्टोर्नोवे गाव मोठं आहे, सामान तिथेच घेता येईल. 'आणि काका, नकाशात वरून खाली यायचं म्हणजे तसा उतारच ना?' हे तो गमतीत म्हणाला असावा.

साउथ यूइस्टवरून त्याचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजापेक्षा वाराच जास्त ऐकू येत होता. सपाट रस्त्यावर, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, ताशी सात किलोमीटर. बेनबेक्युलाहून येतानाच्या कॉजवेवर वारा आडवा लागला आणि भरलेल्या पॅनिअरनी, म्हणजे चाकाशेजारी लटकवलेल्या बॅगांनी, शिडाचं काम केलं. सायकल रस्त्याच्या पलीकडच्या कडेला फेकली जायला लागल्यावर तो उतरून चालत निघाला. एरिस्के बेटावरून बारा बेटाला जाणारी शेवटची बोट गेली. ती गेली म्हणून बारावरच्या कॅसलबेहून मुख्य भूमीवरच्या ओबानची बोट चुकली, ती चुकली म्हणून ओबानहून ट्रेनमध्ये सायकलसाठी केलेलं रिझर्वेशन वाया गेलं. तरुण होता, तब्येतीने उत्तम होता, सायकलही माझ्यापेक्षा भारी होती.

गणित साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वारा नसताना तुम्ही ताशी १५ ने चाललात, तर अंगावर हवाही १५ च्या वेगाने येते. समोरून ३० चा वारा असेल तर तीच हवा ४५ ने येते. वेग तिप्पट, म्हणून विरोध नऊपट. मांड्या कितीही कमावलेल्या असोत, नऊपट म्हणजे नऊपट.

माझी सवय सांगतो. आदल्या रात्री मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, अंदाज उघडतो आणि सरासरी वाऱ्याकडे न बघता थेट झोताचा आकडा बघतो. झोत ताशी साठ किलोमीटरच्या वर दिसले तर तंबू तिथेच राहतो. 'हळूहळू जाऊ' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. जूनमध्ये रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे दुपारी वारा पडेपर्यंत थांबूनही निघता येतं. आणि परतीचं तिकीट काढताना एक अख्खा दिवस मोकळा ठेवायचाच, कारण अशा वाऱ्यात बोटीही रद्द होतात. कॅलमॅक या फेरी कंपनीच्या बोटीवर सायकलचे पैसे पडत नाहीत, म्हणून लोक त्या गृहीत धरतात. शिवाय शेवटी उलापूलला उतरलात की तिथे रेल्वे नाही. पुढच्या बसमध्ये सायकल घेतात का, हे घरूनच विचारून ठेवा.

रविवार विसरणं

आपल्याकडे कुठल्याही रस्त्यावर थोडं पुढे गेलं की टपरी येते. ती सवय इथे नडते. लुईस आणि हॅरिसवर अजूनही रविवार हा देवाचा, विश्रांतीचा दिवस म्हणून पाळतात. दुकानं बंद, बहुतेक कॅफे बंद. स्टोर्नोवेहून रविवारी बोट सुटायला २००९ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हाही बेटावर मोठा वाद झाला.

यावर हल्ली एक ठरलेलं उत्तर येतं, 'पण आता स्टोर्नोवेचं टेस्को सुपरमार्केट उघडं असतं ना!' असतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून. फक्त तुम्ही रविवारी सकाळी हॅरिसमधल्या टार्बर्टला उपाशी बसलेले असता आणि टेस्को साठ किलोमीटरवर. मध्ये ७९९ मीटरच्या क्लिशम डोंगराच्या कुशीतून जाणारा चढ. बिस्किटाच्या अर्ध्या पुड्यावर तो चढून बघा.

मी शनिवारी दुपारपर्यंत दीड दिवसाचं सामान भरतो. ओटकेक, चीज, केळी आणि घरून आणलेली भाजणी. छोट्या स्टोव्हवर तिची उकडपेंडी झटपट होते, आणि फोडणीचा कांदा एक दिवस आधीच खिशात टाकलेला असतो. आणि हो, रविवारी लोकांच्या घरांसमोर दोरी बांधून कपडे वाळत घालू नका. कोणी काही बोलणार नाही, पण बघतील.

बाकीचं थोडक्यात

पावसाळी राइडचा पॉंचो घरीच ठेवा, या वाऱ्यात तो तुम्हाला समुद्रात नेईल. अंगाबरोबर बसणारं जाकीटच हवं.

एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर मागून गाडी आली तर पासिंग प्लेस (बाजूला होण्यासाठी रस्ता रुंद केलेली जागा) बघून थांबा, जाऊ द्या, हात वर करा. पासिंग प्लेस उजवीकडे असेल तर डावीकडेच, तिच्या समोर थांबायचं. दहा गाड्यांची रांग मागे घेऊन फिरणाऱ्या सायकलवाल्यांमुळे आपल्या सगळ्यांना शिव्या बसतात.

ओली कॅटल ग्रिड, म्हणजे गुरं अडवायला रस्त्यात बसवलेली लोखंडी दांड्यांची जाळी, सरळ ओलांडा. तिरके गेलात तर पडलातच.

किनाऱ्यालगतच्या माखरवर, म्हणजे फुलांनी भरलेल्या वाळूच्या गवताळ पट्ट्यावर, तंबूच्या छोट्या खुंट्या टिकत नाहीत. लांब खुंट्या न्या. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने उघड्यावर मुक्काम करता येतो, पण तिथे शेती असते आणि पक्ष्यांची घरटीही, तेव्हा बघून तंबू लावा.

वारा पडला म्हणून खूश होऊ नका, लगेच मिज, म्हणजे चावणारी बारीक चिलटं, येतात. डोक्यावरची जाळी सामानाच्या तळाशी नको, वरच्या खिशात हवी.

मधल्या बेटांवर सायकलचं दुकान गृहीत धरू नका. ट्यूब, दोन-तीन स्पोक, गिअरची केबल जवळ असू द्या. रोज संध्याकाळी चेन गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून तेल द्या. खारी हवा आणि उडालेली वाळू, दोन्ही तिला खातात. 'घरी गेल्यावर नीट धुऊ' म्हणणाऱ्यांच्या चेनवर स्टोर्नोवे यायच्या आतच गंज चढलेला मी पाहिलाय.