क्लॅरिनेटवर शेजारचे स्वर जलद वाजवताना पर्यायी बोटे कशी निवडावीत

एखादा जलद तुकडा अडखळू लागला की बहुतेक विद्यार्थी तोच तुकडा सावकाश घोटत बसतात. पुष्कळदा दोष बोटांच्या वेगात नसून अदलाबदलीत असतो: एक बोट उचलायचे आणि त्याच क्षणी दुसरे ठेवायचे, अशी जागा आली आणि दोन्ही हालचाली किंचित मागेपुढे झाल्या, की मध्ये भलताच स्वर डोकावतो. पर्यायी बोटांचा, म्हणजे तोच स्वर काढण्याच्या दुसऱ्या बोटमांडणीचा, उपयोग ही अदलाबदल टाळण्यासाठी आहे.

पुढील सूचना बोहम पद्धतीच्या, १७ कींच्या (भोके उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांच्या) क्लॅरिनेटसाठी आहेत. पॅरिसमध्ये क्लोझे हे वादक आणि ब्युफे हे वाद्यनिर्माते यांनी ही रचना विकसित केली, १८३९ मध्ये प्रदर्शनात मांडली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. आपल्याकडील बँडमध्ये दिसणाऱ्या जुन्या अल्बर्ट पद्धतीच्या क्लॅरिनेटना, तसेच जर्मन वाद्यांना, ही बोटे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. स्वरांची नावे लिखित, म्हणजे वादकाच्या स्वरलिपीत दिसणाऱ्या, स्वरांची आहेत.

प्रथम पेन्सिल घेऊन तुकडा अतिशय सावकाश वाजवावा आणि जिथे एक बोट उठते व दुसरे बसते तिथेच खूण करावी. बाकीच्या स्वरांना हात लावू नये. नेहमीची बोटे विनाकारण बदलल्यास गोंधळच वाढतो.

मग खुणेच्या जागी, एकच बोट हलेल अशी मांडणी शोधावी. वरच्या रजिस्टरमधील (स्वरपट्ट्यातील) एफ आणि एफ शार्प हे याचे उत्तम उदाहरण आहे. एफसाठी डाव्या हाताची तिन्ही भोके बंद असतात आणि उजव्या हाताची तर्जनी खाली असते. नेहमीच्या एफ शार्पसाठी ती तर्जनी उचलून मधले बोट ठेवावे लागते. त्याऐवजी तर्जनी तशीच ठेवून, उजव्या हाताच्या दुसऱ्या व तिसऱ्या भोकांमधील लहान चपटी की अनामिकेने दाबावी. आता फक्त अनामिका हलते आणि ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद आलटापालट) किंवा क्रोमॅटिक (अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकणारी) स्वरावली स्वच्छ निघते. खालच्या रजिस्टरमधील बी फ्लॅट आणि बी यांनाही हीच युक्ती चालते.

खालच्या रजिस्टरच्या वरच्या टोकाला, म्हणजे फक्त अंगठ्याने वाजणाऱ्या एफपासून एफ शार्पकडे जाताना, अंगठा उचलून डावी तर्जनी ठेवावी लागते. इथे अंगठा न हलवता उजव्या तर्जनीने खालच्या दोन साइड की (वाद्याच्या बाजूला असणाऱ्या की) एकदम दाबाव्यात. वरच्या रजिस्टरमधील ए आणि बी फ्लॅट यांच्यासाठी सर्वांत खालची एकच साइड की पुरते.

सर्वाधिक विचार करंगळ्यांचा करावा लागतो. मधला बी, त्यावरचा सी आणि सी शार्प या तिघांच्या की दोन्ही करंगळ्यांना उपलब्ध असतात. ई फ्लॅटची की मात्र सर्वसाधारण वाद्यावर फक्त उजवीकडे असते (काही महागड्या वाद्यांवर डावीकडेही लिव्हर असते, पण तिच्या भरवशावर शिकू नये). म्हणून अशा तुकड्यात आधी ई फ्लॅट शोधावा आणि तिथून उलटे मागे यावे. बी, सी शार्प, ई फ्लॅट असा क्रम असेल, तर ई फ्लॅट उजवीकडे, म्हणून सी शार्प डावीकडे, म्हणून बी उजवीकडे. पानावर ‘उ’ आणि ‘डा’ अशी अक्षरे लिहून ठेवावीत. ऐनवेळी आठवण्याच्या भानगडीत पडू नये. बी आणि सी यांच्या ट्रिलसाठी उजव्या करंगळीने सीची की दाबून धरावी आणि डाव्या करंगळीने फक्त बीची की हलवावी.

ए वरून बी वर, म्हणजे रजिस्टर ओलांडून जाताना, जवळजवळ सगळी बोटे एकदम बसवावी लागतात. त्यावर उपाय असा की, ए वाजतानाच उजव्या हाताची बोटे आपापल्या भोकांवर आधीच ठेवून द्यावीत. त्यामुळे ए फारसा बिघडत नाही आणि पुढचे काम निम्मे होते.

निवडलेली बोटे ट्यूनरसमोर लांब स्वर धरून तपासावीत, कारण पर्यायी स्वराची उंची आणि पोत वाद्यागणिक थोडे बदलतात. जलद तुकड्यात खपून जाणारा फरक विलंबित ओळीत कानाला खटकतो, म्हणून तिथे नेहमीच्या बोटांकडेच परतावे. याला ठळक अपवाद मधल्या बी फ्लॅटचा. रजिस्टर कीने (वरच्या रजिस्टरसाठी डाव्या अंगठ्याने दाबायच्या कीने) वाजणारा हा स्वर मुळातच घुसमटलेला असतो. एची की दाबून वरून दुसरी साइड की उघडल्यास तो मोकळा वाजतो, आणि म्हणून ए व बी फ्लॅटच्या ट्रिलखेरीज, वेळ असेल तेव्हा लांब स्वरासाठीही हेच बोट पसंत करावे.