तलावात शिडाची होडी हाकताना

कोल्हापूरच्या तलावांत, रंकाळ्यावर काय, कळंब्यावर काय, वारा सलग वाहत नाही. काठावरची झाडी आणि इमारती त्याला अडवतात, वळवतात. समुद्रात तासभर एकाच बाजूने येणारा वारा इथे मिनिटाला दिशा बदलतो. म्हणून बेत आधी वाऱ्याचा करा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो, शिकायला तो बरा. पावसाळ्यात नादी लागू नका. पाण्यावर पांढरे फेसाचे तुरे दिसू लागले की वारा ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो; नवशिक्याने तेव्हा काठ गाठावा. पाणी कुठलेही असो, महापालिका किंवा पाटबंधारे खात्याची परवानगी आणि अंगात लाइफ जॅकेट हवेच.

होडी 14-15 फुटी, माणसे दोन, एकच तिरक्या काठीचे तिकोनी शीड, साधारण 70 चौरस फूट. तळ सपाट असेल तर ती वाऱ्याबरोबर आडवी सरकते, सुकाणू कितीही फिरवा. बाजूला पाण्यात उतरवता येणारी फळी लावली की सरकणे कमी होते. वल्ही मात्र काढून ठेवू नयेत. वारा पडल्यावर तीच घरी आणतात.

शीड चढवताना होडीचे नाक वाऱ्याकडे धरा, म्हणजे कापड नुसते फडफडते. काठी वर ओढून दोर पक्का करा, मग खालच्या मोकळ्या टोकाचा दोर हातात घ्या. हा दोर कधीही बांधायचा नाही. बहुतेक होड्या उलटतात त्या इथेच: अचानक झोत येतो, बांधलेला दोर सुटत नाही आणि शीड होडीला घेऊन आडवे होते. दोर हातात असेल तर दोन हात ढील दिली की होडी सरळ होते. वारा बाजूने असताना दोर इतकाच ओढा की शिडाची पुढची कड फडफडायची थांबेल. त्याहून जास्त ओढलात तर वेग वाढत नाही, होडी नुसती कलते.

खरी कसोटी वळताना. तिरकी काठी डोलकाठीच्या एकाच बाजूला असते. कोकणी पद्धतीत ती दुसऱ्या बाजूला नेतात, पण त्याला मोकळे पाणी आणि सरावाचे हात लागतात. छोट्या तलावात काठी आहे तिथेच राहू द्या. एका बाजूने जाताना शीड डोलकाठीवर दाबले जाईल, वेग थोडा घटेल, चालते. वळायच्या आधी होडीला चांगली गती द्या, नाहीतर ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. तशी अडकली तर वल्ह्याचा एक फटका पुरतो. सुकाणूशी झटापट करून उपयोग नाही, कारण होडी थांबली की सुकाणूला जोरच नसतो.

उलटलीच तर होडी सोडून पोहत सुटू नका. लाकूड तरंगते, धरून राहा.

पंचगंगेवर वेगळे धोके. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतील तर पुढे वाट नाही, आणि वरून पाणी पडत असेल तर जवळही जाऊ नये. खालच्या भोवऱ्यातून सुटणे अवघड. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, पण होडीसाठी नदी त्याच्या कितीतरी आधीच बंद समजावी. जलपर्णी दिसली की सुकाणू वर उचला, ती त्याच्याभोवती गुंडाळते.

गोड्या पाण्यात लाकूड खाऱ्यापेक्षा लवकर कुजते. पावसाचे साचलेले पाणी उपसून टाका, आणि सुती शीड ओले असताना घडी घालू नका. काळी बुरशी धरते, मग कापड फाटायला वेळ लागत नाही.