खाजंची ट्यूब, जुलाबावरची गोळी आणि कातडीचं नुकसान: या चुका टाळा

पावसाळा लागला की कोल्हापुरात तालमीतल्या पोरांपासून फौंड्रीतल्या कामगारांपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या जांघेत गजकर्ण उठतंच, आणि मग मेडिकलवर जाऊन "खाजंची ट्यूब द्या की" म्हणायचं, इथंच घोळ होतो. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल नाहीतर बीटामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. खाज पटकन थांबते म्हणून औषध लई भारी वाटतं, पण बुरशी मरत नाही, नुसती झाकली जाते, वर स्टेरॉइडनं कातडीत कोलेजन (कातडीला बळ देणारं प्रथिन) तयार करणाऱ्या पेशी मंदावतात आणि कातडी पातळ होते. जांघेत घडी असल्यामुळं औषध जास्तच मुरतं, मग लाल-जांभळे पट्टे उठतात, ते पुढं पांढरे पडतात पण जात नाहीत. कोलेजन पावडर पिऊन पण नाहीत, उगाच पैसे घालवू नका.

लग्नाआधी गोरं व्हायला मोमेटासोन (हे पण स्टेरॉइडच), हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइनवालं क्रीम महिनोन् महिने फासणं तर त्याहून वाईट. बंद केलं की चेहरा लाल होतो, आग होते, म्हणून परत लावतात आणि अडकतात. 2018 पासून अशी बरीच स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी मिळतात, काय बोलायचं!

याच्या उलट पण एक चूक असते. दमा, संधिवातासाठी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू असताना हातावर काळे-निळे डाग दिसले की घाबरून गोळी एकदम बंद करतात. तसं अजिबात करू नका, बरेच दिवस घेतली असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनायचं मंदावलेलं असतं, डोस डॉक्टरांनाच हळूहळू कमी करू दे.

आता टाचेचं. जुलाबावर सर्रास घेतात ती ओफ्लॉक्सासिनची गोळी, तसंच सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन), लेवो (लेवोफ्लॉक्सासिन), यांनी टाचेमागची जाड शीर (रक्ताची नव्हे, अकिलीस टेंडन), जी बहुतेक कोलेजनचीच असते, सुजू किंवा तुटू शकते. असं क्वचित होतं, पण साठीच्या पुढं आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका वाढतो. अमेरिकेत 2008 पासून यावर ठळक इशारा आहे. टाचेमागं दुखलं की लोक मालिश करतात नाहीतर रंकाळ्याला फेऱ्या मारून "मोकळं" करायला बघतात! चालणं थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनी पण असं होतं, म्हणून मागं काय घेतलेलं तेही सांगा.

सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या) स्किन ओपीडीत जा नाहीतर खासगीत, वापरलेली ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.