हीटर जोडल्यावर बोटीचं इंजिन तापतंय? आधी हवा शोधा

हीटर हे उष्णता काढून घेणारं यंत्र आहे. केबिन गरम करणारा हीटर असो की अंघोळीच्या गरम पाण्याची टाकी, दोन्ही इंजिनाच्या कूलंटमधलीच, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवातलीच, उष्णता घेतात. म्हणजे ते जोडल्यावर इंजिन उलट थोडं गार चालायला हवं. तरीही हीटर बसवला आणि इंजिन तापायला लागलं अशी तक्रार घेऊन लोक येतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं खरं असतं. तेव्हा एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. इंजिन हीटरने तापवलेलं नाही. हीटर जोडताना कूलंटच्या फिरण्यात कुठेतरी अडथळा आला आहे, आणि तो शोधायचा आहे.

मी माझगावच्या बाजूला बोटींच्या डिझेल इंजिनांचं काम करतो. मुंबईत केबिन गरम करायची गरज कुणाला, असं वाटेल. पण परदेशातून आलेल्या जुन्या बोटींवर हीटर बसवलेलाच असतो आणि दमट हवेत पुढच्या काचेवर वाफ धरली की तोच ती साफ करतो. हल्ली गेटवेसमोर नांगरलेल्या हौशी बोटींचे मालक गरम पाण्याची टाकीही बसवून घेतात. अलिबागजवळच्या मांडव्याला जाऊन पोहून आलं की गरम पाण्याने अंघोळ हवी असते. हीटर आणि टाकी, दोघांची जोडणी एकाच पद्धतीची, त्यामुळे दुखणंही एकच.

इंजिनात दोन पाणी फिरतात. एक समुद्राचं. ते बोटीच्या तळातून येतं, जाळीतून, मग रबरी इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपातून हीट एक्स्चेंजरमध्ये जातं आणि धुरासोबत मागे बाहेर पडतं. दुसरं कूलंटचं, बंद चक्रातलं. ते इंजिनाच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातून, उष्णता घेतं आणि एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याला देतं. हीटर जोडायचा तो या दुसऱ्या चक्रात. ज्या इंजिनात समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधूनच फिरतं, तिथे हीटर जोडूच नका. त्या पाण्यातला क्षार हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नळ्या बुजतात.

तपासणीची सुरुवात मात्र समुद्राच्या बाजूने करा. हे कंटाळवाणं वाटतं, पण फिटरने काम करताना सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा व्हॉल्व, बंद केला आणि तो उघडायच्या आधीच कुणी इंजिन चालवून पाहिलं, असं सर्रास होतं. कोरडा इम्पेलर फार वेळ टिकत नाही. त्याची पाती तुटतात आणि तुकडे एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन अडकतात. इंजिन चालू करून मागे बघा, पाणी नेहमीच्या जोराने पडतंय का. धुरात वाफ जास्त आणि पाणी कमी असेल तर हीटरकडे बघायचंही कारण नाही. आपल्या बंदरात ओहोटीला गाळ इतका असतो आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या इतक्या, की जाळी उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

समुद्राची बाजू ठीक निघाली तर हीटर चक्रातून बाहेर काढा. बाहेर काढणं म्हणजे कारखान्यातून इंजिन हीटरशिवाय जसं आलं होतं तसं करणं. इंजिनावरची हीटरसाठीची तोंडं प्लगने बंद होती तर प्लग लावा, आखूड होसने एकमेकांना जोडलेली होती तर तशीच जोडा. इथे अंदाजाने काही करू नका, कारण काही इंजिनांत तीच वाट बायपासचं, म्हणजे एक्स्चेंजर टाळून कूलंट फिरवायचं, काम करते. मग बोट नेहमीच्या वेगाने चालवून बघा. तरी इंजिन तापलं तर दोष आधीपासूनचा आहे, हीटरवर नुसता आळ आलाय. तापमानाचा काटा जागेवर राहिला तर दोष हीटरच्या जोडणीत आहे.

जोडणीतला सगळ्यात मोठा दोष म्हणजे हवा. आमच्या भाषेत, लाइनने एअर पकडली. एका बोटीवर गेलो होतो, मालक सारखे म्हणत होते, "अहो, टाकी बसवायच्या आधी इंजिन ठणठणीत होतं." फिटरने होस इंजिनापासून वर चढवून छताच्या बीमवरून नेला होता आणि पलीकडे बाकाखालच्या टाकीकडे उतरवला होता. दिसायला काम नीटनेटकं, एकही होस पायात येत नव्हता. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून मी होसवर हात फिरवत गेलो. बीमच्या अलीकडे होस इतका गरम की हात ठेववत नव्हता, पलीकडे वीतभर अंतरावर थंडगार. बीमवरच्या त्या कमानीत हवा बसली होती आणि कूलंट तिच्यापुढे सरकतच नव्हतं.

पण हीटरच्या लाइनमधली हवा इंजिनाला का तापवते? कारण ती तिथेच बसून राहत नाही. वेग वाढवला की तिचे तुकडे सुटतात आणि कूलंट फिरवणाऱ्या पंपात जातात, पंप पाणी ढकलायचं सोडून हवाच घुसळत बसतो. काही हवा हेडच्या वरच्या पोकळीत, थर्मोस्टॅटपाशी साठते. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापलं की आपोआप उघडून त्याला एक्स्चेंजरकडे सोडणारा व्हॉल्व. थर्मोस्टॅटला गरम पाणी लागलं तर तो वेळेवर उघडतो, हवा लागली तर उशिरा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, काट्याचा सेन्सर हवेत उघडा पडला तर काटा कमी तापमान दाखवतो आणि आतून हेड भाजत असतं. काटा स्थिर आहे पण वास वेगळा येतोय, कूलंट भरायच्या झाकणापाशी गुळगुळ आवाज येतोय, अशा वेळी काट्यावर विश्वास ठेवू नका.

हवा शिरते कुठून, याचा हिशोब सोपा आहे. आतून १६ मिलिमीटरचा होस एका मीटरला साधारण २०० मिलिलिटर कूलंट घेतो. टाकी इंजिनापासून ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे २ लिटर नुसत्या होसमध्ये, टाकीच्या आतली कॉइल वेगळीच. लोक होस जोडतात, झाकण उघडून वरपर्यंत भरतात, झाकण लावतात आणि निघतात. ते २ लिटर मग इंजिनातल्या कूलंटमधूनच जातात आणि त्यांच्या जागी हवा उरते.

हवा काढायची ती इंजिन पूर्ण थंड असताना. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं कूलंट तोंडावर येतं आणि भाजतं ते कायमचं. हीटरकडून परत येणारा होस इंजिनाकडून सोडा, त्याचं तोंड सगळ्यात वर धरा आणि नरसाळ्याने त्यात कूलंट ओतत जा. कूलंट हीटरमधून उलट फिरत, हवा पुढे ढकलत इंजिनात उतरतं. इंजिनाच्या टाकीत पातळी वर आली आणि बुडबुडे थांबले की होस पटकन जागेवर बसवा. लाइनमध्ये कुठेही कमान असेल तर तिच्या माथ्यावर हवा सोडायचा छोटा कॉक बसवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे कमान ठेवूच नका, होस इंजिनापासून टाकीपर्यंत एकसारखा चढता किंवा एकसारखा उतरता न्या. मग इंजिन गरम करा, बंद करा, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पातळी बघून भरा. एकदाच भरून कधी पुरत नाही, दोन-तीन वेळा भरावं लागतं. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या चकतीत एक बारीक भोक असतं आणि त्यात सैल पिन लटकत असते. हवा तिथून निसटते. थर्मोस्टॅट काढला असेल तर बसवताना ते भोक वरच्या अंगाला आलं पाहिजे.

आता उंची बघा. हीटर किंवा टाकीचं तोंड इंजिनाच्या झाकणापेक्षा वर असेल, तर तुम्ही कितीही भरा, झाकण उघडलं की वरचं कूलंट खाली येणार आणि वर हवा शिरणार. तिथे सगळ्यात उंच जागी वेगळी छोटी हेडर टाकी बसवावी लागते. प्रेशरचं झाकण तिच्यावर, आणि इंजिनावर साधं, घट्ट बसणारं झाकण. प्रेशरच्या झाकणाचा रबरही तपासा. १५ पीएसआय दाबाचं झाकण धड असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेला असेल तर १०० ला उकळ्या फुटतात.

होसच्या बाबतीत मी फार कडक आहे. पारदर्शक जाळीवाला प्लॅस्टिकचा होस स्वस्त पडतो म्हणून लावतात. तो गरम कूलंटने मऊ होतो, आणि परतीच्या बाजूला पंपाची ओढ असते, तिथे तो आत चपटा होतो. थांबल्यावर पाहिलं तर पुन्हा गोल, म्हणून दोष सापडत नाही. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात ईपीडीएम रबराचा हीटर होस मागा, तोच वापरा.

हाताने अंदाज येत नसेल तर टेम्परेचर गन घ्या. कोविडमध्ये कपाळावर धरायची ती नको, तिचं मोजमाप अंगाच्या तापापुरतंच असतं. चकचकीत धातूवर कुठलीच गन खरं सांगत नाही, म्हणून तिथे काळी टेप चिकटवून मोजा. जाणारा होस गरम आणि परतीचा थंड, तर हवा किंवा मुडपलेला होस. दोन्ही थंड, तर जोडणी चुकीच्या तोंडाला आहे किंवा व्हॉल्व बंद आहे. गरम कूलंट हेडच्या बाजूने, थर्मोस्टॅटच्या आधी घ्यायचं आणि परत द्यायचं ते कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या ओढीच्या बाजूला.

एक दोष जरा लपलेला असतो. इंजिन पहिला अर्धा तास छान चालतं आणि टाकी गरम झाली की तापायला लागतं. होस मोठा आणि वाट मोकळी असेल तर बरंचसं कूलंट एक्स्चेंजर टाळून टाकीतूनच फिरतं. टाकी थंड असते तोवर ती उष्णता घेते, पूर्ण गरम झाली की घेत नाही, आणि गरम कूलंट तसंच पंपात परत येतं. अशा वेळी जाणाऱ्या लाइनवर व्हॉल्व लावून प्रवाह थोडा दाबा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. "काढा तो, मोकळं होईल," हा सल्ला धक्क्यावर हमखास मिळतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की बायपास कायम उघडा, कूलंट एक्स्चेंजरकडे पुरेसं जात नाही, इंजिन आणखी तापतं.

हवा काढली, होस बदलले, उंची सुधारली, आणि तरी दर दोन-चार दिवसांनी हवा परत येत असेल, तर ती बाहेरून येत नसावी. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा. कूलंट गरम व्हायच्या आधीच सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधला सीलचा थर, गेलं आहे, सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. हवेवर इंजिन बरेच दिवस चालवलं की हेच होतं. ती दुरुस्ती पाण्यात उभ्या बोटीवर घाईने करून घेऊ नका, हेड काढून सपाट आहे का ते तपासावं लागतं.

काम झाल्यावर चाचणी नांगरावर घेऊ नका. भाराशिवाय इंजिन तापत नाही आणि सगळं ठीक वाटतं. मांडव्यापर्यंत नेहमीच्या वेगाने जाऊन या, जाताना आणि येताना तेच तापमान दिसायला हवं. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या, सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा, नवीन होस पहिल्या तापण्यात दबतो आणि क्लिपा सैल होतात. काढलेलं जुनं कूलंट डब्यात भरून वर्कशॉपला न्या. ते विषारी असतं, बंदरात ओतू नका.