दणकट घड्याळांचा संग्रह: खान्देशच्या उन्हात आणि धुळीत

मर्यादित आवृत्तीचे दणकट घड्याळ ही मुळातच विसंगत वस्तू आहे. ते आदळावे, भिजावे, चिखलात पडावे म्हणून घडवलेले असते, आणि संख्येने थोडे असल्यामुळे घेणारा मात्र ते डबीतून बाहेरही काढत नाही. खान्देशात ही विसंगती जरा जास्तच महागात पडते. अशा बहुतेक घड्याळांचा पट्टा आणि बाहेरचे कवच ज्या रेझिनचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे असते, ते हवेतील दमट अंशाने आणि उष्णतेने आतून हळूहळू तुटत जाते आणि काही वर्षांनी बोटाच्या दाबानेही भुगा होऊन गळू लागते. घड्याळ हातावर असो वा कपाटात, ही क्रिया थांबत नाही. म्हणून पुढील सर्व सूचना घड्याळे वापरून संग्रह करणाऱ्यासाठी आहेत. केवळ डब्या साठवणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग होणार नाही.

‘दणकट’ या शब्दाचा अर्थ प्रथम नेमका करून घ्यावा. डायलवर किंवा मागच्या झाकणावर ‘शॉक रेझिस्टंट’ असे कोरलेले असते, तेव्हा त्यामागे बहुधा आयएसओ १४१३ हे मानक असते, आणि त्यातील कसोटी १ मीटर उंचीवरून कठीण लाकडी फरशीवर पडण्याइतकीच आहे. कॅसिओ या जपानी कंपनीतील अभियंता किकुओ इबे यांनी वडिलांनी दिलेले घड्याळ पडून फुटल्यावर १९८१ मध्ये ‘पडले तरी न मोडणारे घड्याळ’ असा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांनी समोर ठेवलेले लक्ष्य १० मीटरवरून पडणे, १० बार (म्हणजे १०० मीटर खोलीइतका) पाण्याचा दाब आणि १० वर्षांचा सेल असे तिहेरी होते. सुमारे दोनशे नमुने मोडल्यानंतर एप्रिल १९८३ मध्ये डीडब्ल्यू-५००० हे पहिले जी-शॉक बाजारात आले. त्याच्या आतील मशीन केसला घट्ट जखडलेले नसून मोजक्या बिंदूंवर टेकून जणू तरंगत राहते, आणि बाहेरचा कडा काचेपेक्षा वर आलेला असतो, म्हणून घड्याळ कोणत्याही बाजूने पडले तरी काच जमिनीला टेकत नाही. सोव्हिएत रशियातील व्होस्टोक कारखान्याने १९६७ मध्ये आणलेल्या अँफिबियाची युक्ती निराळी आहे; पाण्याचा दाब वाढला की त्याची ॲक्रिलिक काच केसमध्ये आणि मागचे झाकण रबरी कड्यावर आणखी घट्ट बसते. दणकटपणा कशातून येतो हे असे एकदा समजले, की केवळ अवजड आणि खडबडीत दिसणाऱ्या घड्याळाला माणूस सहसा भुलत नाही.

सुरुवात साध्या, आजही बनत असलेल्या घड्याळाने करावी. जी-शॉकमधील चौकोनी डीडब्ल्यू-५६०० किंवा २०१९ मध्ये आलेले अष्टकोनी जीए-२१०० ही त्यासाठी पुरेशी आहेत. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा ते मनगटावर वागवावे, म्हणजे आपल्याला चौकोनी केस आवडते की गोल, काटे हवेत की आकडे, या प्रश्नांची उत्तरे स्वस्तात मिळतात. नवख्याची सर्वांत मोठी चूक अशी, की तो पहिल्याच महिन्यात महाग, दुर्मीळ घड्याळ घेतो आणि ते आपल्या मनगटाला शोभत नाही हे त्याला वर्षभराने कळते.

वैशिष्ट्यांची यादी वाचताना एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ‘मल्टी बँड ६’ असलेली घड्याळे रेडिओ संकेतावरून स्वतःची वेळ जुळवून घेतात; परंतु ते संकेत जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील केंद्रांवरून प्रसारित होतात आणि जळगाव-धुळ्यापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्याकडे ते घड्याळ इतर क्वार्ट्झ घड्याळांसारखेच महिन्याला १५ सेकंदांपर्यंत मागे-पुढे होऊ शकते. म्हणून वेळेच्या अचूकतेसाठीच जादा पैसे मोजायचे असतील, तर फोनशी ब्लूटूथने जोडले जाणारे घड्याळ घ्यावे. तापमान दाखवणाऱ्या घड्याळांचेही असेच आहे. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर मनगट पुढे करून ‘बघा, किती पारा चढला’ असे सांगणारे गृहस्थ बहुधा स्वतःच्या अंगाचीच उष्णता मोजत असतात. खरे तापमान हवे असेल, तर घड्याळ हातातून काढून वीस-तीस मिनिटे सावलीत ठेवावे लागते.

आता मर्यादित आवृत्तीकडे वळू. या नावाखाली चार निरनिराळे प्रकार विकले जातात. पहिला प्रकार खरोखर मोजून काढलेल्या घड्याळांचा, ज्यांच्या मागच्या झाकणावर एकूण किती पैकी कितवे हे कोरलेले असते. दुसरा वर्धापनाच्या आवृत्त्यांचा. जी-शॉकच्या अशा आवृत्त्या २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ या वर्षी निघाल्या, पण त्यांतील प्रत्येकीची संख्या जाहीर झालेली असतेच असे नाही. तिसरा प्रकार एखाद्या कलाकाराबरोबर किंवा दुसऱ्या कंपनीबरोबर मिळून काढलेल्या घड्याळांचा. चौथा केवळ हंगामी रंगांचा, आणि दुकानदार ‘लिमिटेड’ हा शब्द सर्वांत सढळपणे वापरतात तो याच ठिकाणी. मार्च २०२२ मध्ये ओमेगा आणि स्वॉच या स्विस कंपन्यांचे संयुक्त घड्याळ निघाले, तेव्हा जगभर दुकानांपुढे रांगा लागल्या आणि दुय्यम बाजारात त्याचे कितीतरी पट दाम सांगितले गेले. वास्तविक ती मर्यादित आवृत्ती नव्हतीच, आणि पुढे उत्पादन चालू राहिल्यावर ते दाम उतरले. गर्दी पाहून दाम देणाऱ्याचे नुकसान झाले. उलट सीको या जपानी कंपनीचे एसकेएक्स००७ हे पाणबुड्यांसाठीचे घड्याळ १९९६ पासून अगदी साध्या दराने सर्वत्र मिळत होते, त्याच्यावर कसलाही क्रमांक नव्हता, आणि २०१९ मध्ये ते बंद झाल्यावर लोक त्याच्या शोधात निघाले. माझ्या मते संग्राहकाने जाहीर झालेल्या दुर्मीळतेपेक्षा बंद पडू घातलेल्या चांगल्या वस्तूकडे अधिक लक्ष द्यावे.

याचे आपल्या घरातले उदाहरण म्हणजे एचएमटी. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूच्या कारखान्यात या घड्याळांची निर्मिती सुरू झाली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. मधल्या काळात खान्देशातील क्वचितच एखादे घर एचएमटीवाचून राहिले असेल. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचे ते जनता किंवा कोहिनूर, आणि रेल्वेतून कोणी निवृत्त झाला तरी सत्काराच्या ताटात श्रीफळाशेजारी बहुधा तेच. त्यामुळे शोधाची सुरुवात नातेवाइकांच्या कपाटांपासून करावी. आजीला अहिराणीत ‘घड्याय से का जुनं?’ एवढे विचारले तरी कधी कधी पत्र्याच्या डब्यातून बटणांबरोबर एखादे जनता बाहेर पडते. मात्र कोणा वृद्धाकडून घड्याळ विकत घेताना आज त्याला बाजारात काय मोल आहे हे आधी सांगावे आणि मगच दाम ठरवावे. खेड्यात बातमी लपत नाही, आणि एकदा नाव गेले की त्या गावातले दुसरे कपाट आपल्यासाठी उघडत नाही.

बाजारातून एचएमटी घेताना सर्वांत मोठा धोका रंगवलेल्या डायलचा असतो. जुने, गंजके डायल खरवडून त्यावर लाल, नारिंगी किंवा हिरवा रंग आणि नवी छपाई चढवलेली घड्याळे चकचकीत करून विकली जातात. जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि सीकोच्या ‘सीको ५’ या जुन्या घड्याळांचीही तीच गत झालेली आहे. मी घेतलेला पहिला पायलट (एचएमटीचे एक मॉडेल) याच जातीचा निघाला. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रात काळे डायल मोहक दिसत होते, पण आमच्या गावच्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून पाहिले आणि काही न बोलता ते भिंग माझ्या हातात दिले. मूळ छपाईची अक्षरे बारीक, तीक्ष्ण कडांची आणि सरळ रेषेत असतात. माझ्या पायलटवरची अक्षरे सुजल्यासारखी जाड होती, मिनिटांच्या खुणा टोकाला वाकल्या होत्या, आणि खालची ओळ एका बाजूला कलली होती. घेण्यापूर्वी मागच्या झाकणाच्या आतले, मशीनचे आणि डायलचे उजेडात काढलेले जवळचे छायाचित्र मागावे. विक्रेता झाकण उघडण्यास तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. फार जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियमचा लेप असू शकतो. अशा डायलला घरी कधीही खरवडू नये.

नव्या घड्याळांतील नकली माल ओळखण्यासाठी मागच्या झाकणावर चौकटीत दिलेला मॉड्यूलचा (आतल्या मशीनचा) क्रमांक पाहावा, तो त्या मॉडेलचाच आहे का हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून घ्यावे, आणि पुस्तिकेप्रमाणे प्रत्येक बटण खरोखर काम करते का ते तपासावे. नकलांमध्ये लहान तबकड्या अनेकदा केवळ छापलेल्या असतात. कॅसिओच्या साध्या एफ-९१डब्ल्यूमध्ये उजवे बटण काही सेकंद दाबून धरले, की पडद्यावर कंपनीचे नाव उमटते, ही खूण एके काळी पुरेशी होती. हल्ली नकलाही तेवढे शिकल्या आहेत. दुकानाचा शिक्का असलेले हमीपत्र, पावती, डबी आणि लेबल जपून ठेवावे, कारण मर्यादित आवृत्तीच्या किमतीत या कागदांचा वाटा मोठा असतो.

आता घड्याळ सांभाळण्याविषयी, कारण खान्देशातल्या संग्राहकाची खरी परीक्षा इथेच आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांपर्यंत सहज जातो, आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीच्या आत तो त्याहून पुष्कळ वर चढतो. एकदा मी जी-शॉक गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलो आणि तासाभराने परतलो, तेव्हा त्याचा पडदा पूर्ण काळा झाला होता. सावलीत गार झाल्यावर आकडे परत आले, पण असे वारंवार झाले तर पडदा, सेल आणि रबर या तिघांचेही आयुष्य घटते. सौर घड्याळ ‘चार्ज’ करण्यासाठी गच्चीवर ठेवण्याचा मोहही टाळावा. खिडकीतील उजेड त्याला पुरतो, फक्त वेळ अधिक लागतो.

काळ्या मातीची बारीक धूळ बटणांच्या फटीत आणि कडा व केस यांच्या मधल्या जागेत साचते, आणि घामाचे क्षार मिसळले की तिचा थर घट्ट बसतो. आठवड्यातून एकदा घड्याळ साध्या पाण्याखाली धरून मऊ दातब्रशने घासावे, मात्र ओले असताना बटणे दाबू नयेत. हा उपाय १०० मीटर किंवा त्याहून अधिक जलरोधक घड्याळांसाठीच आहे. झाकणावरील ‘३० मीटर’ म्हणजे तेवढ्या खोल पाण्यात उतरता येते असे नव्हे. ते घड्याळ फार तर हात धुताना उडणारे पाणी सोसते. तापीत किंवा सातपुड्यातल्या ओढ्यात पोहायचे असेल, तर किमान १०० मीटरचे घड्याळ घालावे. गरम पाणी आणि साबण रबरी कड्याला घातक असल्यामुळे अंघोळीच्या वेळी कोणतेही घड्याळ काढून ठेवणेच बरे. सेल बदलताना झाकणाखालची रबरी रिंग तपासून, तिला सिलिकॉनचे ग्रीस लावून बसवायला सांगावे. ठेल्यावर पाच मिनिटांत सेल बदलून घेतलेल्या दणकट घड्याळात पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरलेली मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे.

एचएमटीला यांतले काहीही सोसत नाही. त्याला रोज सकाळी ठराविक वेळी चावी द्यावी आणि चावी घट्ट लागली की थांबावे. शेतात, धुळीच्या वावटळीत किंवा पावसात ते घालू नये, आणि चार-पाच वर्षांनी एकदा मशीन उघडून साफसफाई व तेलपाणी करून घ्यावे. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत जाणाऱ्यांनी फिकट रंगाचा पट्टा तर घालूच नये. केळीच्या चिकाचा डाग सदऱ्यावरून जात नाही, तो पांढऱ्या रेझिनवरून जाईल अशी आशा कशाला धरावी?

ठेवण्याची जागा निवडताना वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली टाळावी. ज्यांचे जुने धाब्याचे घर अजून उभे आहे, त्यांनी तिथल्या आतल्या खोलीतील कपाट वापरावे, कारण मातीच्या छताखाली दुपारीही गारवा राहतो. पारदर्शक रेझिनची घड्याळे उजेडाने पिवळी पडतात, म्हणून ती अंधारात ठेवावी. सौर घड्याळे मात्र महिन्यातून एकदा उजेडात आणावी. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. जे घड्याळ दीर्घकाळ वापरायचे नाही, त्याचा संपलेला सेल आत राहू देऊ नये, कारण तो पाझरला की मशीन कायमचे जाते.

प्रत्येक घड्याळासाठी वहीत एक पान राखावे आणि त्यावर मॉडेल, मॉड्यूल, कोरलेला क्रमांक, खरेदीची तारीख, दिलेली किंमत, सेल बदलल्याची आणि रबरी रिंग बदलल्याची तारीख लिहावी. मर्यादित आवृत्तीच्या रंगातला पट्टा आणि कडा कंपनी फार काळ पुरवत नाही, म्हणून आवडत्या घड्याळासाठी त्यांची एक जादा जोडी सुरुवातीलाच घेऊन ठेवावी. ती जोडीही रेझिनचीच असते, तेव्हा तिची तारीखही त्याच पानावर नोंदवावी.