दारू पिऊन गाडी चालवणं: तीन देशांचे कायदे ताडून कसे बघावेत

आधी माप सारखं करून घ्या, बहुतेक घोळ इथेच होतात. भारतात मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये 80 (स्कॉटलंडमध्ये मात्र 50). जर्मनीत दर हजारी मोजतात: तिथलं 0.5 म्हणजे साधारण 50 मिलिग्रॅम.

मग बघा, तो फौजदारी गुन्हा आहे का. जर्मनीत 0.5 ला प्रशासकीय कारवाई होते: पहिल्या वेळी सहसा 500 युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. 1.1 पासून थेट फौजदारी. पण गाडी वेडीवाकडी चालवली असेल, तर 0.3 लाही खटला उभा राहतो. नव्याने तिकडे गेलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

दंडाचे आकडे नुसते शेजारी मांडू नका. भारतात पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जर्मन न्यायालय दंड 'दिवसां'त ठरवतं, म्हणजे इतक्या दिवसांची कमाई: महिन्याला 3,000 युरो हातात पडणाऱ्याचा एक दिवस साधारण 100 युरोंचा, म्हणून 30 दिवसांचे 3,000. इंग्लंडमध्ये खरा फटका परवान्याला बसतो, दोषी ठरल्यावर सहसा किमान 12 महिने बंदी.