घरी विजेवरची मोटार चार्ज करताना अडॅप्टर आणि केबलची काळजी

विजेवरच्या मोटारीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर १६ अँपिअरच्या तीन पिनांच्या सॉकेटला लावला की साधारण ३.३ किलोवॉट वीज ओढतो. घरातील गीझरही जवळपास तेवढाच भार घेतो. पण तो थोड्या वेळात बंद होतो, आणि ३० किलोवॉट-तासांची रिकामी बॅटरी भरायला मात्र नऊ-दहा तास लागतात. एवढा वेळ १४-१५ अँपिअर प्रवाह सलग वाहत राहिला की वायरिंगमधील सैल स्क्रू किंवा झिजलेली पिन तापू लागते. सॉकेटमधील जोडणीत केवळ ०.१ ओहम रोध असला, तरी १५ अँपिअरला तिथे २२.५ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लास्टिकच्या आत रात्रभर.

म्हणूनच मोठा प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्जन प्लग या कामासाठी कधीही वापरू नये. मल्टिप्लग आणि एक्स्टेन्शन बोर्डही टाळावेत. केबल मोटारीपर्यंत पोहोचत नसेल, तर केबल वाढवण्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटच पार्किंगपाशी आणून घ्यावे. त्यासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) घालावा. अंतर फार असेल तर वायर आणखी जाड लागते. ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर कायमचा बसवलेला चार्जर, ३२ अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. त्यासाठी किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी आणि मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे आधी पाहावे.

सर्वांत गंभीर चूक अर्थिंगच्या बाबतीत होते. अर्थिंग नीट नसेल तर बरेच चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतात. अशा वेळी अर्थची पिन न्यूट्रलला (प्रवाह परत नेणाऱ्या तारेला) जोडलेला अडॅप्टर वापरून चार्जरला फसवले जाते आणि मोटार चार्ज होऊ लागते. मात्र पुढे कधी त्या लाइनचा न्यूट्रल तुटला, तर मोटारीच्या धातूच्या सांगाड्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि ओल्या फरशीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते. लाल दिवा दिसला की अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. याला दुसरा पर्याय नाही.

चार्जर आणि मोटार जोडणाऱ्या सुट्या टाइप २ केबलच्या प्लगमध्ये एक छोटा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा भाग) असतो आणि केबल किती प्रवाह झेलू शकते हे त्यावरून ओळखले जाते: २२० ओहम म्हणजे ३२ अँपिअर, ६८० ओहम म्हणजे २० अँपिअर. निनावी, स्वस्त केबलमध्ये बारीक तारेला ३२ अँपिअरचा रेझिस्टर लावलेला असेल, तर ती तार तापत असल्याचे मोटारीला कळण्याचा मार्गच उरत नाही. त्यामुळे केबल मोटारीच्या कंपनीने मान्य केलेलीच घ्यावी.

चार्जिंग करताना केबल पूर्ण उलगडून ठेवावी, कारण वेटोळ्यात उष्णता कोंडते. आधी भिंतीचा प्लग लावून बटण सुरू करावे आणि मग गन, म्हणजे केबलचे मोटारीकडचे टोक, मोटारीत बसवावी. काढताना चार्जिंग थांबवून आधी गन काढावी, मग बटण बंद करून प्लग काढावा. पावसाळ्यात चार्जरचा डबा जमिनीवर न ठेवता भिंतीला टांगावा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने बटण बंद करून, प्लग काढून, त्याच्या प्लास्टिकवर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. कोमट लागणे ठीक आहे. हात ठेववत नसेल किंवा पिनांभोवती तपकिरी डाग दिसले, तर सॉकेट बदलेपर्यंत तिथे मोटार चार्जिंगला लावू नये.